घर ताब्यात घेताना आणि सोडताना: सांगलीतल्या भाड्याच्या घराची स्थिती कशी नोंदवावी

भाडेकराराच्या मसुद्यात एक वाक्य हमखास असतं: ‘सदर मिळकत सुस्थितीत ताब्यात दिली असून मुदतीअखेर ती त्याच स्थितीत परत करण्याची आहे.’ भाडं किती, डिपॉझिट किती, नोटीस एक महिन्याची की दोन, यावर दोन्ही बाजू भरपूर बोलतात. या वाक्यावर कोणी थांबत नाही. पुढे घर सोडताना डिपॉझिटचा विषय निघतो आणि सगळा वाद याच ओळीवर येऊन थांबतो. बेडरूमच्या कोपऱ्यातली ओल आधीची की नंतरची? बेसिनचा तडा कुणाचा? घरमालक म्हणतात, असं नव्हतं. भाडेकरू म्हणतो, आम्ही आलो तेव्हापासून आहे. दोघंही बहुधा मनापासूनच बोलत असतात, कारण पहिल्या दिवशी भिंत कशी दिसत होती हे तीन वर्षांनी कुणालाच धड आठवत नाही.

कायद्याचं तत्त्व साधं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 108 नुसार भाडेकरूने जागा ताब्यात घेतली त्या वेळच्या स्थितीत परत करायची असते. नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झालेले बदल मात्र त्यातून वगळलेले आहेत. ही तरतूद भाडेपट्ट्यासाठी आहे, पण लिव्ह अँड लायसन्सच्या (भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या) करारांतही बहुतेक वेळा हेच तत्त्व उतरवलेलं असतं. म्हणजे ‘त्या वेळची स्थिती’ दाखवता आली, तर निम्म्याहून अधिक वाद उद्भवतच नाहीत.

ती दाखवण्यासाठी एकट्याने काढलेले शंभर फोटो फारसे उपयोगी पडत नाहीत. दोघांनी मिळून घर पाहणं, पाहिलेलं लिहिणं, त्यावर सही करणं आणि सोडताना तोच कागद हातात घेऊन त्याच क्रमाने पुन्हा फिरणं, ही सगळी पद्धत आहे. सांगलीपुरती एक भर मात्र घालावीच लागते. इथलं घर मेमध्ये वेगळं दिसतं आणि ऑगस्टमध्ये वेगळं. त्यामुळे एकाच दिवसाची नोंद इथे पुरत नाही.

करारातच जागा करून ठेवा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय असा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते चूक असल्याचं घरमालकाला सिद्ध करावं लागतं. ‘स्टँपपेपरवर लिहून घेऊ, बास झालं’ असं म्हणणाऱ्या घरमालकांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं.

मसुदा नोंदणीला जाण्याआधी त्यात पाच गोष्टी घालून घ्या. पहिली, ‘सोबत जोडलेली स्थिती-नोंद ही कराराचा भाग आहे’ हे वाक्य. दुसरी, ताबा घेतल्यापासून सात दिवसांत लक्षात आलेले दोष भाडेकरूने लेखी कळवल्यास ते मूळ नोंदीतच धरले जातील. तिसरी, पावसाळ्यातली पुरवणी नोंद. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. चौथी, डिपॉझिट किती दिवसांत परत द्यायचं, आणि कपात करायची तर बिल किंवा लेखी अंदाजपत्रक दाखवूनच करायची. पाचवी, रंगकामाचं. आपल्याकडे सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती मान्य असेल तर करारात लिहा, नसेल तर नाही असं लिहा. तोंडी ठेवलेली ही एकच गोष्ट सर्वांत जास्त कटुता आणते, असं मी पाहत आलो आहे.

फर्निचर आणि उपकरणं असतील तर त्यांची यादी करारातच जोडा. ‘दोन पंखे’ एवढंच लिहू नका. कंपनी, रंग आणि चालू आहे की बंद, हेही लिहा. गीझर, इन्व्हर्टर, वॉटर प्युरिफायर यांचे अनुक्रमांक आणि खरेदीचं साल टिपलं, तर पुढे झिजेचा हिशेब सोपा जातो. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याचं कामही याच सुमारास उरकून घ्या.

पाहणी कधी, कोणी करायची

सामानाचा टेम्पो दारात उभा राहण्याआधी. शक्यतो आदल्या दिवशी, सकाळी दहा ते बाराच्या उजेडात, घर रिकामं आणि झाडलेलं असताना, वीज आणि पाणी दोन्ही चालू असताना. संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात भिंतीवरचे पोपडे आणि फरशीचे तडे दिसत नाहीत. जूनमध्ये वालचंद, विलिंग्डन आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजच्या मुलांची घरं शोधायची धांदल असते, तेव्हा चावी हातात घेऊन ‘नंतर बघू’ म्हणण्याकडे सगळ्यांचा कल असतो. तिथेच थांबा. दोन खोल्यांच्या घराला दोन तास पुरतात.

घरमालक स्वतः असावेत. ते पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतील, तर त्यांनी नातेवाइकाला लेखी अधिकार द्यावा आणि स्वतः व्हिडिओ कॉलवर हजर राहावं. एजंटने एकट्याने केलेल्या पाहणीवर विसंबू नका, कारण पुढे वाद झाला तर तो कुणाच्याच बाजूने उभा राहत नाही. विद्यार्थी राहणार असतील तर एका मुलाने सगळ्यांच्या वतीने सही करू नये. प्रत्येकाची सही घ्या, आणि पालक आलेले असतील तर त्यांनाही फिरवून दाखवा.

संकोच हा यातला मोठा अडथळा आहे. ‘काका, या भिंतीला ओल दिसतेय, लिहूया का?’ असं विचारलं की ‘अहो, घरच्यासारखं राहा, लिहापढी कशाला?’ असं उत्तर येतं. त्यावर शांतपणे म्हणावं, ‘काका, उद्या तुम्ही मला विचारलंत तर मला सांगता आलं पाहिजे, आणि मी विसरलो तर तुम्हालाही.’ नोंद दोघांच्याही सोयीची आहे हे एकदा समोरच्याला पटलं, की तेच काका पुढच्या खोलीतला तडा स्वतःहून दाखवतात.

घर कसं फिरायचं

मुख्य दारापासून सुरू करा आणि प्रत्येक खोलीत शिरल्यावर डावीकडून उजवीकडे फिरा: चार भिंती, मग छत, मग फरशी, मग दारं-खिडक्या, शेवटी वीज आणि पाणी. हाच क्रम प्रत्येक खोलीत आणि सोडतानाही ठेवा. क्रम मोडला की माळा, दारामागची भिंत आणि बाल्कनी हमखास राहून जातात.

भिंतीला पालथा हात लावून पाहा. ओल डोळ्यांआधी हाताला कळते. बोटाच्या पेरांनी टकटक करा. गिलावा सुटला असेल तिथे भद्द, पोकळ आवाज येतो. फरशीवर नाणं आपटलं तरी असाच फरक कळतो. पोकळ वाजणारी टाइल आज अखंड असली तरी पुढे कपाट ठेवल्यावर तडकू शकते आणि दोष भाडेकरूवर येतो, म्हणून ती आजच लिहा. खिळ्यांची आणि ड्रिलची भोकं मोजा. भिंतीतली कपाटं उघडून आत वास घ्या. कुबट वास आला तर मागच्या भिंतीत पाणी आहे. प्लायवर मातीच्या बारीक रेषा दिसल्या तर ती वाळवी.

दारं पूर्ण उघडून, लावून, कडी घालून बघा. बाथरूमच्या दाराची खालची कड बसून पाहा. तिथले प्लायचे पदर सुटणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. सरकत्या खिडक्यांची चाकं, जाळ्या आणि लॉक तपासा. काचेला केसासारखा तडा असला तरी लिहा.

विजेसाठी मोबाइलचा चार्जर बरोबर ठेवा आणि प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा. मोठ्या पिनच्या सॉकेटला इस्त्री लावून बघा. पंखे सगळ्या गतींवर फिरवा. वितरण पेटीत ईएलसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) असेल तर त्याचं चाचणीचं बटण दाबल्यावर वीज खटकन बंद झाली पाहिजे. ती झाली नाही तर नोंद करून थांबू नका, दुरुस्तीनंतरच राहायला या. गीझर असलेल्या घरात हा जिवाचा प्रश्न आहे.

पाण्याची तपासणी घाईने होत नाही. सगळे नळ एकदम सोडा आणि धार मंदावते का पाहा. सिंक पूर्ण भरून एकदम सोडलं की खालचा पाइप गळतो का ते कळतं. नुसता नळ सोडून कळत नाही. नहाणी ट्रॅपवर बादलीभर पाणी ओता आणि ते किती वेळात जातं बघा. फ्लश दोनदा ओढा, टाकी भरल्यावर पाणी वाहत राहतं का ऐका. पाणी महापालिकेचं की बोअरचं, कोणत्या वेळी येतं, टाकी कुणाच्या ताब्यात, मोटरचं बिल कोण भरतं, हेही लिहून ठेवा. बोअरच्या जड पाण्यामुळे नळांवर, टाइलवर आणि गीझरच्या कॉइलवर पांढरे क्षार साठतात. ते भाडेकरूच्या निष्काळजीपणाचं लक्षण समजू नये. पण आज किती आहेत याचा फोटो असावा.

महावितरणच्या मीटरचा फोटो असा घ्या की मीटरचा क्रमांक आणि रीडिंग दोन्ही वाचता येतील. डिजिटल मीटरचा पडदा बदलत राहतो. युनिटचा आकडा येईपर्यंत थांबा. बारा अंकी ग्राहक क्रमांक लिहून घ्या आणि मागची थकबाकी नाही ना, हे त्यावरून ऑनलाइन पाहा. सोसायटीचा मेंटेनन्स, पाणीपट्टी आणि घरपट्टी कोण भरणार, हे एका ओळीत. शेवटी चाव्या: मुख्य दाराच्या किती, गच्चीची, गेटची, मीटर पेटीची. सगळ्या एका पांढऱ्या कागदावर मांडून एक फोटो.

ओल, चिरा आणि पुराची रेषा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण आपल्याकडच्या वादांचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात आणि मातीत असतं.

कृष्णेच्या पाण्याची पातळी आपण आयर्विन पुलाजवळ मोजतो: 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2005, 2019 आणि 2021 मध्ये शहरात मोठा पूर आला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, दत्तनगर, कर्नाळ रोड, शामरावनगर अशा भागांत तळमजल्याचं किंवा पहिल्या मजल्याचं घर घेत असाल, तर पहिला प्रश्न हा विचारा: इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं? घरमालकांनी खरं सांगावं आणि ती उंची नोंदीत लिहावी. पुरात भिजलेली भिंत आतून सुकायला फार वेळ घेते. त्याआधीच वरून पुट्टी आणि रंग मारला, तर आतली ओल क्षार घेऊन बाहेर येत राहते. भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी निघते, रंगाचे पापुद्रे सुटतात. हे फरशीपासून एका ठरावीक उंचीपर्यंत आडव्या पट्ट्यात दिसतं. अशी भिंत पुढच्या भाडेकरूने ‘खराब केली’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्या पट्ट्याची उंची टेपने मोजा, टेपसकट फोटो घ्या.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर उथळ पायाचं घर असेल तर ते तिच्याबरोबर किंचित हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरक्या चिरा बहुधा यामुळेच पडतात. भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यातली सरळ उभी चीर वेगळी; ती बांधकामात नेहमी आढळते आणि बऱ्याचदा निरुपद्रवी असते. चीर कशी नोंदवायची? दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. रुंदीसाठी जुनं एटीएम कार्ड घ्या. ते साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. कार्डाची कड आत जाते की नाही, एवढं लिहिलं तरी पुरे. वर्षाने चीर रेघेच्या पुढे गेली असेल तर ते सगळ्यांना दिसतं, आणि भाडेकरूने काही न करता ती वाढली हेही कळतं. कार्डाची कड सहज जात असेल आणि चीर वाढतच असेल, तर घरमालकांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं. हा मुद्दा आता डिपॉझिटच्या पलीकडचा असतो.

तिसरी, पावसाळ्यातली पुरवणी नोंद. एप्रिल-मेमध्ये घेतलेल्या घराची भिंत कोरडी ठणठणीत असते. पहिला सलग पाऊस झाला की पश्चिमेच्या भिंतीला, गच्चीखालच्या छताला आणि खिडकीच्या खालच्या पट्टीला डाग उमटतात. म्हणून करारात लिहून ठेवा: पहिल्या मोठ्या पावसानंतर पंधरा दिवसांत दोघांनी पुन्हा एकदा फक्त छत आणि बाहेरच्या भिंती पाहायच्या आणि मूळ नोंदीला पान जोडायचं. घरमालक येऊ शकत नसतील तर भाडेकरूने फोटो पाठवावेत आणि त्यांनी ‘पाहिले, मान्य’ असं लेखी कळवावं. या एका पानाने मी कडाक्याचे वाद होण्याआधीच थांबलेले पाहिले आहेत. घरमालकांचाही यात फायदा आहे: गळती पहिल्याच पावसात कळली तर वॉटरप्रूफिंगचं काम दिवाळीनंतर लगेच काढता येतं.

फोटो आणि व्हिडिओ

आधी न थांबता एक सलग व्हिडिओ घ्या. सुरुवातीला तारीख, पत्ता आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने बोला, मग ठरलेल्या क्रमाने फिरा. कॅमेरा हळू फिरवा. व्हिडिओ एकसंध असल्याने मधला भाग लपवला असा आरोप करता येत नाही. त्यानंतर फोटो: प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार, छताचा एक, फरशीचा एक. प्रत्येक दोषाचे दोन फोटो लागतात. लांबून एक, म्हणजे तो कुठे आहे ते कळेल, आणि जवळून एक, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून. नुसता जवळून काढलेला तड्याचा फोटो कुठल्याही घरातला असू शकतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याचा दर्जा घसरतो आणि काढल्याची वेळ, कॅमेरा वगैरे आतली माहिती निघून जाते. त्यामुळे तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा सगळा संच ईमेल करा. ईमेलचा दुसरा फायदा म्हणजे पाठवल्याची तारीख तुमच्या फोनच्या घड्याळावर अवलंबून राहत नाही. मूळ फाइली फोनमधून पुसू नका, त्यांवर फिल्टर लावू नका, कापू नका. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू झाला. त्याच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो कुणाचा, फोटो कसे काढले, हे त्यात सांगावं लागतं. वेळ तिथपर्यंत येऊ नये हीच इच्छा, पण मूळ फाइल जपायला काहीच कष्ट पडत नाहीत.

स्थिती-नोंदीचा कागद

साधा ए-फोर कागद पुरेसा आहे. वर पत्ता, तारीख, वेळ, हजर व्यक्ती. खाली खोलीनिहाय नोंदी. विशेषणं टाळा: ‘बरी’, ‘ठीक’, ‘थोडी खराब’ या शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही. नोंदी अशा दिसाव्यात:

हॉल, पश्चिम भिंत: खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून तिरकी चीर, 40 सेंमी, एटीएम कार्ड जात नाही, टोकांना पेन्सिलीची खूण. फोटो 14, 15.

स्वयंपाकघर: ग्रॅनाइटच्या ओट्याची पुढची कड एका जागी उडालेली, 2 सेंमी. सिंकचा नळ बंद केल्यावरही थेंब गळतो. फोटो 22, 23.

बाथरूम: दाराची खालची कड फुगलेली, 20 सेंमी. गीझर चालू, खरेदी 2019. फोटो 31 ते 33.

बेडरूम: रंग 2022 च्या दिवाळीत दिलेला (घरमालकांनी सांगितल्याप्रमाणे). दक्षिण भिंतीला ड्रिलची 6 भोकं. फोटो 38.

जिथे दोष नाही तिथेही ‘दोष आढळला नाही’ असं लिहा, जागा कोरी सोडू नका. कोऱ्या जागेत नंतर काहीही लिहिता येतं, आणि घरमालकांच्या बाजूनेही चांगल्या स्थितीची नोंद तितकीच मोलाची आहे. जे लगेच दुरुस्त करायचं ठरलं ते तारखेसह वेगळं लिहा: ‘सिंकचा नळ, घरमालक, 15 तारखेपर्यंत’. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, शेवटी दोन साक्षीदार. दोन प्रती करा. स्कॅन करून त्याच ईमेलला जोडा.

राहत असताना

दुरुस्तीची प्रत्येक विनंती लेखी करा, फोनवर बोलणं झालं तरी नंतर दोन ओळींचा मेसेज टाका. बिलं जपा. घरमालकांना घर पाहायचा हक्क आहे, पण पूर्वसूचना देऊन आणि योग्य वेळी. चावी आहे म्हणून भाडेकरूच्या गैरहजेरीत शिरू नये. एसी बसवायचा, भिंतीत ड्रिल करायचं, तर आधी विचारा आणि सोडताना भोकं कोण बुजवणार ते तिथेच ठरवा.

पुराच्या भागात राहणाऱ्यांनी पाणी वाढू लागलं की सामान हलवण्याआधी घाईघाईने का होईना, एक व्हिडिओ घ्यावा, त्यात घरमालकांच्या वस्तूही दिसाव्यात. पाणी ओसरल्यावर गाळ काढण्याआधी पुन्हा फोटो घ्या, भिंतीवरची पाण्याची रेषा टिपा. पंचनामा, विमा आणि पुढे डिपॉझिट, तिन्हीकडे हेच फोटो लागतात. पुराने झालेलं नुकसान भाडेकरूच्या माथी येत नाही.

घर सोडताना

नोटीस दिल्यावर, घर सोडायच्या पंधरा दिवस आधी एक पूर्वपाहणी ठेवा. मूळ नोंद हातात घेऊन फिरा आणि घरमालकांना काय खटकतं ते त्याच दिवशी यादीत लिहून घ्या. भाडेकरूला ती दुरुस्ती स्वतःच्या ओळखीच्या प्लंबरकडून, माफक खर्चात करून घेता येते, आणि घरमालकांनाही नंतर कारागिरांच्या मागे लागावं लागत नाही. शेवटच्या दिवशीची कपात निम्म्याने कमी करणारी ही पायरी आहे, तरी बहुतेक जण ती गाळतात.

अंतिम पाहणी सामान निघाल्यावर, झाडून-पुसून झाल्यावर. पुन्हा दिवसाउजेडी, त्याच क्रमाने, जुने फोटो दुसऱ्या फोनवर उघडून, जमेल तिथे त्याच कोनातून नवे फोटो घेत. मूळ कागदाच्या उजव्या बाजूला एक रकाना मोकळा ठेवलेला असेल तर त्यातच ‘तसंच’, ‘वाढलं’, ‘नवीन’ असं लिहीत जा. मीटरचं रीडिंग, चाव्यांची मोजणी, गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर घरमालकांचे असतील तर तेही.

झीज कोणती आणि नुकसान कोणतं, हा निवाडा आता करायचा असतो. उन्हाने फिकट झालेला रंग, सोफ्यामागच्या भिंतीवरचा पुसट पट्टा, चालून मळलेली फरशी, सैल झालेली कडी, क्षार धरलेला शॉवर ही झीज. फुटलेलं बेसिन, जळलेला ओटा, मुलांनी स्केचपेनने रंगवलेली भिंत, परवानगीशिवाय पाडलेली भोकं, आणि गळती माहीत असून न कळवल्यामुळे कुजलेलं कपाट हे नुकसान. शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलं: दोष भाडेकरूचा नसला तरी तो कळवणं ही त्याची जबाबदारी आहे.

नुकसान असलं तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत कापणं रास्त नाही. समजा, एका खोलीच्या रंगाला 12,000 रुपये लागतात आणि रंग पाच वर्षं टिकतो असं दोघांनी धरलं. भाडेकरू आला तेव्हा रंग एक वर्षाचा होता, तो दोन वर्षं राहिला. म्हणजे रंगाचं आयुष्य दोन वर्षं उरलं होतं. कपात फार तर 4,800 रुपयांची, तीही सगळी खोली रंगवावी लागत असेल तर. हा हिशेब शक्य होतो तो ‘रंग कधी दिला’ हे पहिल्या दिवशी लिहून ठेवल्यामुळे.

रोजच्या छोट्या दुरुस्त्या कुणाच्या यासाठी करारात काही नसेल, तर केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली विभागणी चर्चेला आधार म्हणून घ्यावी: बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, पाइप बदलणं आणि वायरिंग घरमालकांकडे, नळाचे वॉशर, गटार साफ करणं, स्विच-सॉकेट, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. तो नमुना कायदा आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही, पण वाटणी समजूतदार आहे.

डिपॉझिटचा हिशेब आणि ताबा पावती

एका कागदावर डिपॉझिट, वजा प्रत्येक कपात तिच्या बिलासह, वजा वीजबिलाची अंदाजे रक्कम, बाकी परत. वीजबिल यायला वेळ असेल तर तेवढीच रक्कम राखून ठेवा. त्या एका कारणाने सगळं डिपॉझिट अडवू नका. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. आणि ताबा पावती करा: अमुक तारखेला, अमुक वाजता घराचा रिकामा ताबा आणि इतक्या चाव्या मिळाल्या. ही पावती घेतल्याशिवाय भाडेकरूने शेवटची चावी देऊ नये. ताबा कधी दिला यावर वाद झाला तर पुढच्या महिन्याच्या भाड्याचा प्रश्न उभा राहतो.

घरमालक पाहणीला यायलाच तयार नसतील, किंवा भाडेकरू फोन उचलत नसेल, तर दिवस आणि वेळ लेखी कळवा, दोन शेजाऱ्यांना साक्षीदार म्हणून बोलवा, सलग व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी ईमेलने पाठवा. तरीही पैसे अडकले तर आधी वकिलामार्फत नोटीस. त्यानंतर दावा करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण दाखलपूर्व लोकअदालतीत ठेवता येतं. दोन्ही बाजूंची नोंद समोर असली की तिथे तडजोड लवकर होते. पैशाच्या वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून सगळे कागद आणि मूळ फोटो निदान तेवढा काळ ठेवा.

घरमालकांसाठी एक शेवटचं काम. भाडेकरू गेल्यावर झालेली अंतिम नोंद हीच पुढच्या भाडेकरूच्या नोंदीचा कच्चा मसुदा म्हणून वापरा. मधे केलेल्या दुरुस्त्या त्यात लाल शाईने भरा, चिरांच्या पेन्सिलीच्या खुणा रंगाखाली जाऊ देऊ नका. रंग दिलाच तर जुन्या खुणांची मापं कागदावर उतरवून घ्या आणि रंग सुकल्यावर त्याच जागी पुन्हा मारा.